अंदाजपत्रक ठरण्याआधी बोला




पावसात रस्ता तुंबला की आपण फोटो काढून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो, फार तर महापालिकेकडे तक्रार नोंदवतो. तक्रार करायलाच हवी. पण नवे पावसाळी गटार किंवा धड चालता येईल असा पदपथ केवळ तक्रारीतून होत नाही. त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद लागते. ती नसेल तर ‘बजेट नाही’ हे अधिकाऱ्याचे उत्तर पुष्कळदा खरेच असते.

कायद्याप्रमाणे आयुक्तांनी पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक जानेवारीच्या मध्यापर्यंत स्थायी समितीपुढे ठेवायचे असते. म्हणजे कामांची जुळवाजुळव त्याच्या काही महिने आधीच सुरू होते. बोलायची वेळ ती आहे. पुण्यात तर 2006-07 पासून नागरिकांना आपल्या भागातली पाच लाखांपर्यंतची कामे क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन सुचवता येतात. पथदिवे, बाक, बसथांबा, पदपथाची दुरुस्ती अशी रोजच्या जगण्यातली ही कामे. एवढ्या मोठ्या शहराच्या मानाने येणारे अर्ज मात्र फारच थोडे असतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

‘नगरसेवक निवडून दिलाय, हे त्याचे काम’ असे अनेक जण म्हणतात. मार्च 2022 मध्ये पुण्यातल्या नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणूक वर्षानुवर्षे लांबली. त्या काळात अंदाजपत्रक प्रशासकानेच मांडले आणि प्रशासकानेच मंजूर केले. सभागृहच नव्हते, तर आपल्या वतीने बोलणार कोण? आणि नगरसेवक असला, तरी शंभर घरांच्या सह्यांचे निवेदन हातात असेल तर सभागृहात त्याच्याच शब्दाला वजन येते. पुणेकरांना हे जमत नाही असेही नाही. 2013 मध्ये जुन्या हद्दीच्या विकास आराखड्यावर ऐंशी हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या होत्या.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. अर्ज करायला सवड असते ती निवृत्त आणि सुशिक्षित मंडळींना. पहाटे कामावर निघणाऱ्या वस्तीतल्या बाईला नाही. म्हणून अर्ज भरताना सोसायटीच्या फाटकाबाहेर पाहायला हवे. शेजारच्या वस्तीतल्या सार्वजनिक शौचालयाला दार नाही, दिवा नाही, तर तो अर्ज आपण तिथल्या रहिवाशांना विचारून, त्यांच्या सह्या घेऊन द्यावा. गणपतीच्या वर्गणीसाठी सोसायटीची बैठक होतेच. त्याच बैठकीत या कामांची यादी करायला अर्धा तास पुरेल.

अर्ज दिल्यावर पाठपुरावाही लागतो. राज्य शासनाने 2018 मध्ये परिपत्रक काढून दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत स्थानिक स्वराज्य संस्थांतले अभिलेख नागरिकांना पाहण्यासाठी खुले ठेवायला सांगितले. दोघा-तिघांनी मिळून जावे, फाइल मागावी, आपल्या अर्जावर काय शेरा आहे तो वाचावा.

महापालिकेकडे माझी एकच मागणी आहे. आलेल्या प्रत्येक सूचनेची क्षेत्रीय कार्यालयनिहाय यादी, स्वीकारली की नाकारली आणि कोणत्या कारणाने, हे सगळे अंदाजपत्रकासोबतच प्रसिद्ध करावे. ज्याचा अर्ज कारण न कळता नाकारला जातो, तो अर्जदार पुढच्या वर्षी पुन्हा येत नाही.

— एक रहिवासी, कोथरूड, पुणे