उन्हाळा, गाणे आणि वहिनींची विश्रांती

उन्हाळ्याची सुटी आणि शस्त्रक्रिया ह्यांचे आपल्या कुटुंबांत जुने सख्य आहे. परीक्षा आटोपलेल्या असतात, मुले घरी असतात, नोकरदारांस रजा मिळते. म्हणून वर्षभर अंगावर काढलेल्या दुखण्याचा निकाल ह्याच दिवसांत लावण्याचे घाटते. त्यातून दुखणे गृहिणीचे असले म्हणजे सर्वांच्या सोयीचा मुहूर्त सापडेपर्यंत त्याने थांबलेच पाहिजे, असा अलिखित नियम आहे. आमच्या थोरल्या वहिनींच्या गर्भाशयातील गाठींनी हा नियम तीन वर्षे पाळला. अंगात रक्त उरेना, जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा कोठे यंदा मार्चच्या मध्यास पोट उघडून गर्भाशय काढण्यात आले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. आम्हांस लिहावयाचे आहे ते तिच्यानंतरच्या अडीच महिन्यांविषयी.

ह्या उन्हाळ्याचे बेत घरात आधीच ठरून गेले होते. एप्रिलात कुमार गंधर्वांच्या जन्मदिनी देवास, त्याच महिन्यात बनारसचा संकटमोचन संगीत समारोह आणि जूनच्या आरंभी मिरज, असे गाण्याचे तीन प्रवास होते. शिवाय पुतण्या एक नोकरी सोडून दुसरी धरीत होता. जुन्या ठिकाणची मुदत मार्चअखेर संपून नवे काम मे महिन्यात सुरू व्हावयाचे होते. त्याची पत्नी शाळेतील जागा सोडून जूनच्या मध्यास एका महाविद्यालयात रुजू होणार होती. वहिनींच्या दुखण्याची तारीख ठरताच प्रवास रद्द होणार आणि सूनबाई महाविद्यालयास मुदत मागणार, हे सर्वांनी मनोमन धरून टाकले. कोणी बोलले मात्र नाही. आपल्या घरांत सर्वांत मोठे निर्णय न बोलताच होतात, आणि ते बहुधा एकाच व्यक्तीच्या वाट्याला येतात.

बोलल्या त्या वहिनीच. इस्पितळाच्या खाटेवरूनच त्यांनी सांगितले, "तिकिटे कोणी रद्द करायची नाहीत. आणि सूनबाई, तुम्ही महाविद्यालयाला एक ओळसुद्धा लिहायची नाही. एप्रिलभर ज्याला काम नाही तो घरात आहेच की!"

पुतण्याने हा महिना झोपेसाठी राखून ठेवला होता. त्याची जी त्रेधा उडाली तिचे साद्यंत वर्णन करण्याचा मोह आम्ही आवरतो. पहिल्या आठवड्यात वरणाला मीठ दोनदा पडले आणि दूध तीनदा ऊतू गेले, एवढेच सांगतो. तिसऱ्या आठवड्यात तो आजीच्या दातांना चालेल अशी मऊ भाकरी करू लागला, हेही सांगितले पाहिजे. दादांनी भाजी निवडण्याचे आणि कपडे वाळत घालण्याचे काम आपण होऊन घेतले. साठी उलटलेल्या गृहस्थास घरातील चिमटे कोठे असतात हे प्रथमच कळले.

पोटावरच्या अशा शस्त्रक्रियेनंतर साधारणतः सहा आठवडे जड वस्तू उचलावयाची नसते. 'जड' ह्या शब्दाने मात्र घरोघर घोटाळा होतो. कोणास वाटते, ट्रंक किंवा गव्हाचे पोते म्हणजे जड. वस्तुतः दहा लिटरची भरलेली बादली म्हणजे दहा किलो वजन झाले. भरलेला मोठा कुकर, ओल्या धुण्याची पाटी आणि कडेवर घेतलेले नातवंडही त्याच यादीत येते. बाहेरची जखम दहा-पंधरा दिवसांत मिटलेली दिसते आणि टाके निघाले की माणूस 'बरे झाले' असे धरून चालतात. आतली वीण एवढ्या लवकर धरीत नाही. तीन आठवड्यांनी जखमेच्या जागी मूळ बळकटीचा तिसरा हिस्साही जेमतेम आलेला असतो. तीन महिन्यांनी ती सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पोहोचते, आणि पूर्वीइतकी तर कधीच होत नाही. उलट रोज थोडे चालणे मात्र पहिल्या दिवसापासून आवश्यक असते, कारण पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचे भय असते. म्हणजे चालावयाचे, पण उचलावयाचे नाही. आणि आपल्या स्वयंपाकघरात तर उचलल्यावाचून एक पाऊलही टाकता येत नाही!

बाराव्या दिवशी दूरच्या नात्यातील दोन भगिनी समाचारास आल्या. आपापल्या शस्त्रक्रियांच्या कथा सांगण्यात त्यांचा तासभर गेला. पुतण्या औषधे आणावयास गेला होता. चहाचे कोणी नाव काढीना, तेव्हा वहिनी उठल्या आणि ओट्याखालचे मोठे पातेले काढण्यास वाकल्या. पाहुण्या गेल्या तेव्हा वहिनी भिंतीला धरून उभ्या होत्या. रात्री दुखण्याने झोप नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा डॉक्टरांकडे खेप. सुदैवाने टाके शाबूत होते. त्या दिवसापासून दादांनी दारावर एक चिठी लावली : "चहा मिळणार नाही. आणल्यास आम्हीही घेऊ." नातेवाइकांत त्या चिठीची पुष्कळ चर्चा झाली, कोणी रुसलेही, पण दोघी-तिघींनी खरोखरच थर्मास भरून आणला. आमच्या मते समाचारास जाण्याची ह्याहून चांगली रीत नाही.

देवासला आम्ही आणि दादांचे एक स्नेही असे दोघेच गेलो. इंदूरपासून तासाभराच्या वाटेवरचे हे गाव, वर देवीची टेकडी, आणि एप्रिलमध्ये दुपारी अंग भाजून काढणारी हवा. १९४८ साली क्षयाने जर्जर झालेले कुमार गंधर्व कोरड्या हवेसाठी येथे आले, तेव्हा ते चोवीस वर्षांचेही नव्हते आणि त्यांच्या गाण्याचा बोलबाला देशभर झालेला होता. गाणे बंद, बोलणेही बेताचे. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध त्या काळी नुकतेच मिळू लागले होते. त्याचा गुण आला, परंतु एक फुप्फुस कायमचे अधू झाले. ते पुन्हा मैफलीत बसले ते १९५० नंतरच्या दशकाच्या आरंभी. मधल्या वर्षांत बिछान्यावर पडून त्यांनी माळव्यातील बायकांची गाणी ऐकली, मनात साठविली, आणि त्यांतूनच पुढे त्यांचे 'धुनउगम' राग निघाले. ही कथा रसिकांस पाठ आहे. तिच्यातील एक गोष्ट मात्र नेहमी समासात राहते. त्या वर्षांत भानुमतीबाईंनी शाळेत शिकविण्याची नोकरी धरली, घर चालविले आणि शुश्रूषाही केली. पडून ऐकण्यास जो अवकाश लागतो, तो कोणीतरी उभे राहून मिळवून द्यावा लागतो. त्या संध्याकाळी समारोहात गाणे उत्तम झाले. आमचे लक्ष मात्र अधूनमधून पुण्याच्या स्वयंपाकघराकडे जात होते.

बनारसचे तिकीट पुतण्याचे होते. ते सूनबाईच्या नावाने बदलून घेतले आणि ती आपल्या दोन मैत्रिणींसह गेली. सासू अंथरुणावर असता सून गाणे ऐकावयास जाते, ह्यावर आप्तांत जी कुजबूज झाली ती आमच्या कानी आली. देवदर्शनास गेली असे सांगा, अशी तोडही एका वडीलधाऱ्या बाईंनी काढून दिली, आणि समारोह हनुमंताच्या देवळातच होत असल्याने ते खोटेही ठरले नसते. वहिनींनी मात्र सांगितले, "गाणे ऐकायलाच गेली आहे. मीच पाठविली." १९२३ पासून चालत आलेल्या ह्या समारोहात तिकीट नाही, मानाच्या खुर्च्यांचे अवडंबर नाही, अंगणात मिळेल तेथे बसावयाचे आणि उजाडेपर्यंत ऐकावयाचे. सूनबाई परतली ती घसा बसवून आणि डोळे सुजवून. सासूच्या खाटेशी बसून तिने चार संध्याकाळ सर्व वृत्तान्त सांगितला. कोणत्या कलावंताने कोणता राग कितव्या प्रहरी घेतला, हे वहिनी खोदखोदून विचारीत होत्या. फोनवरचे ध्वनिमुद्रण त्यांनी ऐकले नाही. सांगितलेले गाणे अधिक लांब चालते, असे त्यांचे म्हणणे.

मिरजेस जाईपर्यंत अकरा आठवडे झाले होते आणि डॉक्टरांनी प्रवासास संमती दिली होती. येथे वहिनी स्वतः आल्या, कारण काम त्यांचेच होते. त्यांच्या आईच्या तंबोऱ्याचा भोपळा तडकला होता.

मिरजेला दुखणेकरी आणि गवई ह्यांची गाठ जुनी आहे. डॉ. वानलेस ह्यांच्या इस्पितळामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दूरदूरचे रोगी येथे येत. त्याच्याही आधी, फटाक्याने डोळे भाजलेला कुरुंदवाडचा एक मुलगा उपचारासाठी येथे आला. दृष्टी पुरती सुधारली नाही, म्हणून त्यास बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकावयास घातले. तेच पुढे १९०१ मध्ये लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन करणारे विष्णु दिगंबर पलुस्कर होत. १९३७ मध्ये प्रवासात निवर्तलेले अब्दुल करीम खाँ येथल्याच दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत. आणि वाद्ये करणारे शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे. तलवारींचे दिवस सरले तेव्हा फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांचे काम हाती घेतले. नोकरी बदलताना पुतण्याने आम्हांस पुष्कळ तत्त्वज्ञान ऐकविले होते. त्यास आम्ही सतारमेकर गल्लीतील ही हकीकत मुद्दाम सांगितली. तेथल्या सतारीस आणि तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

कारागिरांनी तंबोरा उलटसुलट करून पाहिला, भोपळ्यावर बोटे वाजविली, आणि सांगितले की भोपळा सांधता येईल, परंतु सांधा पुरता वाळेपर्यंत तारांचा ताण देता येणार नाही. वहिनींनी विचारले, "किती दिवस?"

"दिवाळीपर्यंत तरी लागतील, बाई. घाई केली तर पुन्हा तिथेच उकलेल."

"असू द्या," वहिनी म्हणाल्या, "मलाही तोवर खर्जातच गायला सांगितले आहे."

परतीच्या गाडीत सूनबाईच्या महाविद्यालयाचे वेळापत्रक निघाले. सोमवार व गुरुवारी तिची तासिका सकाळी साडेसातची आहे. त्या दोन दिवशी डबे कोण करणार, ह्याचा वाद मिरजेपासून कऱ्हाडपर्यंत चालला. अखेरीस सोमवार पुतण्याकडे गेला आणि गुरुवार दादांकडे. त्यांस अद्याप पोळी येत नाही, तेव्हा गुरुवारी सर्वांनी भात न्यावा असे ठरले आहे.