परदेशचा परवाना आणि परतीची वाट

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी परदेशी गेलेल्या मुलामुलींची छायाचित्रे अभिनंदनपूर्वक छापली जातात. ती पाहून कोणासही धन्यता वाटावी. परंतु परत आलेल्या एकाही मुलाचे छायाचित्र आजवर छापलेले माझ्या पाहण्यात नाही. ही गोष्ट मनाला लागली, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपण व्यापारी माणसे. भाव, मुदत आणि नुकसानीची जोखीम ठरल्यावाचून आपण एक पोतेही हलवीत नाही. मात्र पोटच्या मुलास अमेरिकेस धाडताना 'एच-१बी' परवान्याच्या अटी आपल्यापैकी कितीजणांनी वाचल्या असतील? १९९० च्या कायद्याने निर्माण झालेला हा परवाना मुळात तात्पुरता आहे. त्यासाठी अर्ज करावयाचा तो कंपनीने, मुलाने नव्हे. कंपन्यांसाठी वर्षाकाठी नवे परवाने ६५,००० आणि तेथील उच्च पदवीधरांसाठी आणखी २०,०००. मागणी याहून फार मोठी, म्हणून निवड सोडतीने. मुदत तीन वर्षांची, वाढवून सामान्यतः सहा. नोकरी सुटल्यास दुसरी मिळविण्यास जास्तीत जास्त ६० दिवस. कायम वास्तव्याच्या परवान्यांत कोणत्याही एका देशास साधारणपणे ७ टक्क्यांहून अधिक वाटा नाही. त्यामुळे भारतीयांची रांग इतकी लांबली आहे की, तीत उभे असतानाच मुले २१ वर्षांची होऊन आईबापांच्या अर्जातून बाद होऊ शकतात. त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये, देशाबाहेरून येणाऱ्यांसाठीच्या नव्या अर्जांवर १,००,००० डॉलर आकारण्याचा हुकूम तेथील अध्यक्षांनी काढला. सौदा सुरू असताना भाव बदलावा, तसेच हे झाले.

म्हणून कोणी जाऊच नये, असे माझे म्हणणे नाही. १८९३ साली वीरचंद राघवजी गांधी शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेस गेले, तेव्हा समुद्र ओलांडला म्हणून समाजातील काहींनी त्यांस दूषण दिले होते. त्या काळी आपण जाणाऱ्यास दोष दिला. आज परत येणाऱ्यास देतो. दोन्ही वेळी चूक आपलीच.

हे मी केवळ दुसऱ्यास सांगतो असे नव्हे. माझा धाकटा मुलगा तीन वर्षांपूर्वी नोकरी गेल्यामुळे परतला. ते ६० दिवस त्याने कसे काढले, हे मी त्यास कधी विचारले नाही. पेढीवर कोणी चौकशी केली की, "रजेवर आला आहे," असे मी सांगत असे. सहा महिने हेच चालले. अखेर वखारीवरील एका जुन्या हमालाने विचारले, "मालक, एवढी रजा कोण देतो हो?" मुलगा आतल्या खोलीत खतावणी लिहीत बसला होता. त्याने ते ऐकले. सत्याणुव्रताचे नाव घेणारा मी. पण मला मुलाची लाज वाटत होती, आणि हे त्याला आधीपासून कळत होते, हे त्याच्या चेहऱ्यावरून त्या दिवशी मला समजले.

आपल्या धर्मात श्रावकास दिग्व्रत सांगितले आहे. कोणत्या दिशेस किती दूर जावे याची मर्यादा ज्याची त्याने ठरवावी. मुलाच्या प्रयाणापूर्वी घरातील मंडळींनी एकत्र बसून किती वर्षे, किती कर्ज, आणि परवाना न टिकल्यास पुढे काय, हे ठरवावे. संघाने शिक्षणासाठी दिलेल्या कर्जाची फेड परत आलेल्यास एक वर्ष लांबवून द्यावी. वधूवर मेळाव्याच्या अर्जातून परवान्याचा रकाना काढून टाकावा. सोडतीत नाव निघणे अथवा न निघणे, यावरून मुलाची योग्यता ठरत नाही.

आणि पुढील वर्षीच्या स्मरणिकेत परत आलेल्यांसाठी एक पान राखून ठेवावे, ही संपादक मंडळास नम्र विनंती. पहिले छायाचित्र मी देईन. मुलाची संमती मी यंदा प्रथमच विचारून घेतली आहे.

जयजिनेंद्र.

— एक धान्य व्यापारी, बेळगाव