पावतीपुस्तक जास्त हुशार होतं

वर्गणीचं पावतीपुस्तक काखोटीला मारून जे चाळीचे जिने चढले आहेत, त्यांना त्यातली व्यवस्था ठाऊक असते. छापील अनुक्रमांक, मूळ पावती देणगीदाराला, स्थळप्रत मंडळाकडे. चुकलेली पावतीसुद्धा ‘रद्द’ लिहून तिथेच राहायची. बँकेतून पैसे काढायचे तर धनादेशावर दोघांच्या सह्या. कुणाच्या प्रामाणिकपणावर शंका नसे, पण पैसा दोन जोडी डोळ्यांखालून जाई.

आता वर्गणी क्यूआर कोडवर येते आणि तो कोड बऱ्याचदा खजिनदाराच्या खासगी खात्याचा असतो. सभासदांची यादी सचिवांच्या मोबाइलमध्ये. फेसबुक पानाचा पासवर्ड कुणाकडे? मंडळ सोडून नोकरीसाठी बंगळूरला गेलेल्या पोराकडे! सायबर सुरक्षेचा विषय निघाला की कार्यकारिणीत कुणीतरी अँटिव्हायरसचं नाव काढतं. दुखणं तिथे नाहीच. अख्खी संस्था अशी एकेकट्या माणसाच्या खिशात आहे, हे दुखणं आहे.

चोरांना ते नेमकं कळलंय. सचिवांना फोन येतो, “काका, आपल्या ग्रुपमधलाच बोलतोय. एक सहा आकडी कोड चुकून तुमच्याकडे आलाय, जरा सांगता का?” काका भले, ते सांगतात. तो कोड असतो त्यांचंच व्हॉट्सॲप दुसऱ्या फोनवर सुरू करण्याचा. पाच मिनिटांत काकांच्या नावाने सगळ्यांना निरोप जातो की दवाखान्यात आहे, वीस हजार पाठवा, संध्याकाळी परत करतो. अनोळखी माणसाने मागितले असते तर कुणी दमडी दिली नसती. दुसरी युक्ती ‘स्टार ४०१’ डायल करायला लावून कॉल स्वतःकडे वळवून घेण्याची होती. ती इतकी बोकाळली की १५ एप्रिल २०२४पासून ही सोयच बंद ठेवायला दूरसंचार विभागाने कंपन्यांना सांगितलं. मग लग्नपत्रिका आल्या; पत्रिका म्हणून उघडायला जावं तर ती एपीके फाइल, म्हणजे फोनवर ताबा मिळवणारं ॲप. वधूवर कोण, हे विचारायच्या आत खातं रिकामं. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’चा पिन घालायला दोन मिनिटं लागतात. किती सचिवांनी तो घातलाय?

जानेवारी २०२५मध्ये खजुराहोत रात्रीतून अनेक दुकानांवरचे क्यूआर कोड बदलले गेले. जुन्या कोडवर नवा चिकटवला, बस्स. गिऱ्हाईक पैसे देत होतं आणि ते भलत्याच्याच खात्यात पडत होते. गणपतीच्या दहा दिवसांत दानपेटीशेजारचा कोड रोज सकाळी स्कॅन करून नाव कोण बघतं? आरतीच्या ताटातली फुलं मात्र रोज बदलतात.

पैशाइतकीच माहितीही मोलाची असते. ब्लॅकबॉड ही अमेरिकी कंपनी धर्मादाय संस्थांच्या देणगीदारांच्या नोंदी सांभाळते. २०२०मध्ये तिच्यावर खंडणीचा सायबर हल्ला झाला आणि तेरा हजारांहून अधिक संस्थांची माहिती चोरांच्या हाती गेली. पुढे चौकशीत निघालं ते जास्त बोचरं होतं. कंपनी सोडून गेलेल्या ग्राहकांची माहितीही तिने वर्षानुवर्षं जपून ठेवली होती. २०२३मध्ये ४९ राज्यांशी तडजोड करताना तिला ४.९५ कोटी डॉलर मोजावे लागले. आपल्याकडचे ट्रेकिंग क्लब आणि ज्येष्ठ नागरिक संघ सहलीसाठी घेतलेले आधारचे फोटो सहल संपल्यावर पुसतात का? २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ‘व्यक्ती’ म्हणताना नोंदणी नसलेला माणसांचा समूहही धरतो, तेव्हा ‘आम्ही काय, छोटं मंडळ’ ही सबब फार टिकायची नाही.

यावर उपाय म्हणून कुणी महागडं सॉफ्टवेअर विकायला आलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं. मंडळाच्या नावाचं खातं आणि त्याचाच क्यूआर, ईमेल संस्थेचा, पासवर्ड दोघांकडे, आणि पैशाची मागणी आली की आधी फोन करून आवाज ऐकणं, एवढ्यावर निम्मं काम होतं. फसलंच तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावं. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी ते गोठवता येण्याची शक्यता पहिल्या तासांतच जास्त असते.

वार्षिक सभेत नवी कार्यकारिणी येते तेव्हा कपाटाच्या किल्ल्या, शिक्का आणि इतिवृत्ताची वही मोजून हवाली होते, दोघांच्या सह्यांनी. यंदा त्या यादीत खाली आणखी चार ओळी घालायच्या आहेत. पहिली ओळ बंगळूरच्या त्या पोराला फोन करण्याची.