लवचीकता कोणाची?

‘कामाच्या बदलत्या गरजांनुसार लवचीक संगणकप्रणाली’ ही भाषा आज प्रत्येक व्यवस्थापनाच्या तोंडी आहे. भाषा गोंडस आहे. परंतु गरज कोणाची आणि वाकायचे कोणी, एवढे विचारताच तिच्यातील मखलाशी उघडी पडते.

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील हजारो अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत केले. त्या काही यंत्राच्या वैरिणी नव्हत्या. फोनची क्षमता अपुरी, तो वारंवार बंद पडे. आणि त्याच वर्षी आलेल्या केंद्र सरकारच्या ‘पोषण ट्रॅकर’मध्ये माहिती इंग्रजीत भरावी लागे. प्रणालीने कामाशी जुळवून घेण्याऐवजी कामानेच प्रणालीसमोर वाकावे, असा हा उफराटा न्याय होता.

हे अटळ आहे काय? मुळीच नाही. ‘सिम्युला’ या संगणकभाषेचे एक जनक क्रिस्टेन न्यूगोर यांनी १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत नॉर्वेतील लोह व धातू कामगार संघटनेबरोबर काम केले. कामगारांनी स्वतः संगणकाचा अभ्यास केला. त्यातून १९७५ साली तेथील कामगार महासंघ आणि मालकांची संघटना यांच्यात करार झाला. नव्या प्रणालीची माहिती समजेल अशा भाषेत मिळण्याचा आणि त्यासाठी आपला प्रतिनिधी निवडण्याचा हक्क कामगारांना लाभला. त्याच १९७५ साली आपल्याकडे अंगणवाडी योजना सुरू झाली. तिची सेविका आजही मानधनावरच राबते!

‘प्रत्येकाचे ऐकत बसलो तर काम कधी होणार?’ असा आक्षेप घेतला जाईल. परंतु काम बदलल्याची पहिली जाणीव ते करणाऱ्यालाच होते. त्याला वगळून केलेली रचना लवचीक होणारच कशी? शिवाय अडलेल्या प्रणालीपायी वाया जाणारे तास कोणत्याच ताळेबंदात दिसत नाहीत, कारण ते मानधनावरील स्त्रियांचे तास असतात. स्वस्त श्रम हाच सदोष यंत्राचा खरा आश्रयदाता आहे.

म्हणून आपल्या संघटनांनी केवळ चांगला फोन मागून थांबू नये. प्रणाली लागू करण्यापूर्वी तिची चाचणी कामगारांच्या हातून व्हावी. तक्रारीवरून ती ठरावीक मुदतीत बदलावी. ती बंद पडली तर वहीतील नोंद ग्राह्य धरून कोणाचाही पैसा कापू नये. आणि हे सारे ठरविताना निवडून दिलेल्या प्रतिनिधीचा शब्द बंधनकारक असावा. यंत्र बदलण्याचा अधिकार ज्याच्या हाती, कामावरची सत्ताही त्याच्याच हाती. ती मागितल्यावाचून मिळणार नाही.