निळे सिनेगॉग पाहिले, चौल राहून गेले

१/ तरुणांच्या 'ज्यू वारसा सहली' महाराष्ट्रात येतात तेव्हा त्यांची कार्यक्रमपत्रिका बहुधा ठरलेली असते. मुंबईत दोन-तीन दिवस : काळा घोड्याचे निळे सिनेगॉग, भायखळ्याचे मागेन डेव्हिड, ससून गोदी, डेव्हिड ससून वाचनालय, गेटवेपाशी छायाचित्र. त्यानंतर छत्रपती संभाजीनगर : अजिंठा, वेरूळ, दौलताबाद, बीबी का मकबरा. ज्यूंचा इतिहास मुंबईत आटोपला, आता 'उरलेला भारत' पाहू या, असा या क्रमाचा सरळ अर्थ होतो. कोकणाच्या वाट्याला आलाच तर एक दिवस येतो.

२/ संभाजीनगरमधले इतिहासप्रेमी तरुणही याला फारशी हरकत घेत नाहीत. 'आपल्याकडे ज्यूंचे काय?' हा त्यांचा प्रश्न वरकरणी रास्त वाटतो. शहरात नाव घेण्याजोगे सिनेगॉग नाही. पण वारसा म्हणजे इमारत, हे गृहीतकच मुळात तपासायला हवे. या धाग्याचे म्हणणे असे की ज्या सहलीत संभाजीनगर हा विरंगुळ्याचा थांबा असतो, ती सहल खरे तर याच जिल्ह्यातून सुरू व्हायला हवी.

३/ शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर पैठण आहे. सातवाहनांचे प्रतिष्ठान. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी वाटाड्यात पैठण आणि तगर (आजचे तेर) या दोन बाजारपेठांचा उल्लेख आहे. इथला माल गाड्यांवर लादून भरुचला नेला जाई, असे त्यात नोंदवले आहे. त्याच ग्रंथात पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांच्या यादीत कल्याणनंतर 'सेमिल्ला' येते. सेमिल्ला म्हणजे चौल.

४/ चौलचे नाव वाचून पुढे जायचे नाही, थांबायचे. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांतील दानलेखांत कल्याण, सोपारा यांच्याबरोबर 'चेमुल' इथला दाताही आढळतो. स्वतःची ओळख गावावरून सांगण्याची रीत तेव्हाही होती. हिंदी चित्रपटांत 'डेव्हिड' या एकाच नावाने गाजलेल्या, 'बूट पॉलिश'मधल्या जॉन चाचाचे पूर्ण नाव होते डेव्हिड अब्राहम चेऊलकर. बंदर तेच, रीतही तीच.

५/ ही जोडणी पाहून कोणी उत्साहाच्या भरात 'म्हणजे सातवाहनकाळात चौलला ज्यू होते' असे जाहीर करील, तर त्याला तिथेच अडवायला हवे. तसा पुरावा नाही. बेने इस्रायलांची परंपरा सांगते की इसवी सनापूर्वी पूर्वजांचे जहाज अलिबागच्या उत्तरेस नवगावजवळ फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बाकीच्यांना किनाऱ्यावर पुरले. परंपरेचा मान राखावा. तिला दस्तऐवज म्हणून पुढे करू नये.

६/ कारण याच किनाऱ्यावर दुसरी एक कथा आहे. समुद्रातून वाहून आलेल्या चौदा प्रेतांना परशुरामाने जिवंत केले आणि त्यांपासून चित्पावन झाले, ही. तिथेही समुद्र, तिथेही चौदाचाच आकडा. दोन समाज, पण आपला आरंभ सांगताना कोकणाने दोघांनाही एकाच घाटाची गोष्ट पुरवली. 'हरवलेल्या जमातीचा शोध' असे शीर्षक देऊन सहल काढणाऱ्यांना हे साम्य अडचणीचे वाटते, म्हणून ते सांगितले जात नाही. खरे तर ते सगळ्यात आधी सांगण्यासारखे आहे : हे लोक कुठून आले यापेक्षा ते किती इथले झाले, हे त्यातून कळते.

७/ पक्का दस्तऐवज बराच उशिरा हाती लागतो. कोचीनचे ज्यू व्यापारी एझेकिएल राहाबी यांनी १७६८ साली ॲमस्टरडॅमला धाडलेल्या पत्रात मराठी मुलखातल्या या लोकांची माहिती आहे : तेल गाळून पोट भरतात, शब्बाथ पाळतात, प्रार्थनेतले फार थोडे त्यांना ठाऊक आहे. ना ग्रंथ, ना रब्बी, ना सिनेगॉग. तरीही शनिवारी घाण्याला बैल जुंपायचा नाही, एवढे मात्र पक्के.

८/ म्हणून गावाने त्यांना नाव दिले 'शनवार तेली'. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली, शनिवारी ठेवणारे ते शनवार तेली. या नावात कौतुक नाही आणि द्वेषही नाही. आहे ती जातीच्या उतरंडीतली एक पायरी. ती पायरी वरची नव्हती.

९/ इथे मराठी वाचकाच्या आवडत्या वाक्याचा समाचार घेणे भाग आहे. 'जगाने ज्यूंचा छळ केला, आपण आश्रय दिला.' पहिला भाग युरोपपुरता खरा, आणि इथे तसा छळ झाला नाही हेही खरे. पण आश्रय दिला कोणी? कोणत्या राजाने, कोणत्या सनदेने? परंपरेनुसारदेखील ते फुटक्या गलबतातून उतरले आणि घाण्याला जुंपले गेले. गावाने त्यांना इतर कष्टकऱ्यांसारखेच वागवले : जवळ ठेवले आणि खाली ठेवले. ज्यांना दोन हजार वर्षांचे शेजारी म्हणायचे त्यांनाच 'आश्रित' म्हणायचे, ही उदारता फार स्वस्तातली आहे.

१०/ आता सणांची नावे पाहा. वर्षारंभाचा तो 'नव्याचा सण'. त्यानंतर 'खिरीचा सण'. योम किप्पुर म्हणजे 'दरफळणीचा सण', कारण त्या दिवशी दारे लावून घरातच राहायचे. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा उपास म्हणजे 'बिरड्याचा सण'. उपास सोडताना पानात वालाचे बिरडे असे, म्हणून हे नाव. जगभरचे ज्यू त्या दिवशी शोक करतात. कोकणातल्या ज्यूंनी त्या शोकाला वालाचे नाव दिले. निळ्या सिनेगॉगच्या रंगीत काचांत हे दिसणार नाही.

११/ व्यक्तिनामांचेही तेच. शमुवेलचा समाजी झाला, यहेज्केलचा हसाजी, इसहाकचा इसाजी. आडनावे गावांची : पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर, दिवेकर, अष्टमकर. रायगड जिल्ह्याचा नकाशा हातात धरून हजेरी घ्यावी, अशी ही यादी आहे.

१२/ यांतलेच एक समाजी हसाजी दिवेकर. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले अधिकारी. म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धात ते टिपूच्या कैदेत पडले, सुटून मुंबईस आले आणि १७९६ साली त्यांनी मांडवी भागात शहरातले पहिले सिनेगॉग बांधले : शार हारहमीम. बेने इस्रायल मंडळी त्याला 'जुनी मशीद' म्हणत. प्रार्थनाघराला मशीद म्हणणारे ज्यू! मस्जिद बंदर स्थानकाच्या नावाचा संबंधही पुष्कळदा याच वास्तूशी जोडला जातो. नावांवरून एकमेकांवर धावून जाण्याच्या आजच्या दिवसांत, आणि स्वतःचे नाव बदललेल्या शहरात, एवढी एक माहिती सांगितली तरी वर्षभराच्या चर्चेची सोय होईल.

१३/ मग सहलीत ही वास्तू अनेकदा का नसते? कारण ती छायाचित्रात शोभत नाही. निळे केनेसेथ एलियाहू १८८४ चे, भायखळ्याचे मागेन डेव्हिड १८६० च्या दशकातले, पुण्याचे ओहेल डेव्हिड म्हणजे 'लाल देऊळ' १८६७ चे. तिन्ही ससून घराण्याच्या पैशातून उभी राहिली. ससून बगदादहून आलेले, अरबी बोलणारे व्यापारी. त्यांची दानशूरता खरी आहे, त्यांच्या वास्तू सुंदर आहेत आणि त्या पाहायलाच हव्यात. त्यांच्या संपत्तीत चीनला जाणाऱ्या अफूचा वाटा मोठा होता, हेही मार्गदर्शकाने त्याच दमात सांगायला हवे. सांगितले जाते ते फक्त कापसाचे.

१४/ आणि या दोन ज्यू समाजांचे आपसांतले नाते? १८३६ साली मुंबईतल्या बगदादी मंडळींनी सरकारकडे अर्ज केला की सामाईक दफनभूमीत आपल्या आणि बेने इस्रायलांच्या कबरींमध्ये भिंत घालून द्यावी. मेल्यानंतरसुद्धा शेजार नको! पुढच्या काळात प्रार्थनेसाठी लागणाऱ्या दहा पुरुषांच्या गणतीत बेने इस्रायलांना धरायचे की नाही, यावरही वाद झडले. हा भेद बगदादहून आला की मुंबईत शिकला गेला, यावर सहलीच्या बसमध्ये चांगली चर्चा रंगू शकते. बेने इस्रायल स्वतःही यातून सुटले नव्हते. त्यांच्यातही 'गोरे' आणि 'काळे' असे गट होते आणि त्यांच्यात बेटीव्यवहार होत नसे. जातीने कोणालाच सोडले नाही.

१५/ शेवटचा घाव इस्रायलमध्ये बसला. १९४८ नंतर हजारो बेने इस्रायल तिकडे गेले. १९६० च्या दशकारंभी तिथल्या धर्मपीठाने फर्मावले की यांच्यापैकी कोणाचे इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी पूर्वजांची चौकशी करावी. शनिवारचा घाणा शतकानुशतके बंद ठेवणाऱ्यांकडे ज्यू असल्याचा दाखला मागितला गेला. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले. त्या ऑगस्टमध्ये संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले आणि धर्मपीठालाही माघार घ्यावी लागली. गावाने तेली म्हटले, बगदादींनी अर्धेमुर्धे ज्यू म्हटले, धर्मपीठाने संशयित म्हटले. वारसा सहलीत सांगण्याजोगी गोष्ट ही आहे, आणि परदेशातून येणाऱ्या ज्यू तरुणांनी तर ती आवर्जून ऐकायला हवी.

१६/ दरम्यान मराठीत काय घडत होते? जॉन विल्सन या मिशनऱ्याने १८३२ साली हिब्रू व्याकरण मराठीतून लिहिले. धर्मांतराच्या आशेने उघडलेल्या शाळांतून बेने इस्रायल हिब्रू शिकले आणि अधिक पक्के ज्यू झाले. मिशनऱ्यांच्या हिशेबात हे बसणारे नव्हते.

१७/ वल्हांडणाच्या रात्री वाचायचा हगादा १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह छापला गेला. १८७४ ची पुण्याची आवृत्ती तर मुद्दाम पाहण्याजोगी : त्यातल्या चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगड्यात आहेत आणि जमिनीवर बसल्या आहेत. इजिप्तमधून सुटकेची कथा, आणि ती सांगणारे घर पेण-पनवेलकडचे.

१८/ त्याच शतकाच्या उत्तरार्धात बेने इस्रायलांनी कीर्तन उचलले. पूर्वरंग, उत्तररंग, ओव्या, साक्या. आख्यान मात्र योसेफाचे, मोशेचे. पैठण ही एकनाथांची भूमी. तिथल्या घाटावर उभे राहून परदेशी पाहुण्यांना कीर्तन म्हणजे काय ते सांगावे आणि लगेच सांगावे की तुमच्या धर्मग्रंथातली आख्याने याच साच्यात, याच भाषेत गायली गेली. असा योग मुंबईत साधणार नाही. वेरूळच्या कैलासापाशीसुद्धा नाही.

१९/ आक्षेप येईल की वेळ कमी असतो. मग दौलताबाद वगळा! किल्ला कुठे जात नाही. मोठ्या सिनेगॉगांनाही तूर्त धोका नाही. धोका आहे तो छोट्या गावांतल्या त्या घरांना, जिथे पाहुण्याला मलिद्याची चव आणि त्यामागची गोष्ट एकदमच मिळते. २०११ च्या जनगणनेत देशभरात ज्यूंची संख्या पाच हजारांहूनही कमी भरली. महाराष्ट्राने त्यांना अल्पसंख्याकाचा दर्जा दिला तो २०१६ मध्ये.

२०/ दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सध्याच्या काळात 'ज्यू' म्हटले की लोक पश्चिम आशियातल्या युद्धाची बाजू घेऊन भांडू लागतात, तेव्हा हा विषय नकोच, असे काही जण म्हणतात. पण चेऊलकर, पेणकर, दिवेकर यांचा मराठी इतिहास हा कोणत्याही सरकारच्या समर्थनाचा अर्ज नाही आणि कोणत्याही युद्धाचा जबाबही नाही. त्यांना या ना त्या झेंड्याखाली उभे करणारे दोन्ही पक्ष त्यांच्या मराठीपणाचा सारखाच अपमान करतात. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ साली आपल्या समाजाचा इतिहास लिहून पूर्ण केला तेव्हा इस्रायल हे राष्ट्र अस्तित्वातच नव्हते. तो ग्रंथ छापला गेला चाळीस वर्षांनी, १९३७ साली, तेल अवीवमध्ये. इथे त्याला प्रकाशक मिळू नये, याची खंत 'आश्रय देणाऱ्यां'पैकी किती जणांना आहे?

२१/ तर मार्ग असा. पहिला दिवस : सकाळी पैठण, नदीचा घाट, पेरिप्लसची गोष्ट, कीर्तनाची गोष्ट, तिथून अहिल्यानगरमार्गे पुणे. दुसरा दिवस : लाल देऊळ पाहावे, आवारातली डेव्हिड ससूनची कबर पाहावी आणि मग रास्ता पेठेत बेने इस्रायलांचे साधेसे सुक्कत श्लोमो पाहावे. दोन इमारतींमधले अंतर थोडे, दोन समाजांमधले किती होते ते तिथेच उमजते. मग घाट उतरून पेण.

२२/ तिसरा दिवस अलिबागचा. इस्रायल आळी, तिथले १८४८ चे मागेन अबोथ. जवळच खंडाळे गावी 'एलियाहू हन्नबीचा टापा' : खडकावरच्या खुणा म्हणजे संदेष्ट्याच्या रथाची चाके आणि घोड्यांच्या टापा, अशी श्रद्धा. नवस फेडायला तिथे मलिदा घेऊन जातात. पोहे, ओले खोबरे, साखर, फळे. इस्रायलमध्ये स्थायिक झालेली कुटुंबेही मायदेशी आली की इथे येतात, आणि तिकडच्या घरांतही मलिद्याचे ताट मांडतात. त्यांच्या एका मराठी नियतकालिकाचे नाव 'मायबोली' आहे.

२३/ दुपारी नवगावची जुनी दफनभूमी आणि तिथला स्मारकस्तंभ. संध्याकाळी चौल-रेवदंड्याची खाडी. पेरिप्लसचे सेमिल्ला, कान्हेरीच्या दात्याचे चेमुल, चेऊलकरांचे चेऊल. बंदर केव्हाच गाळाने बुजले. आता तिथे नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. परतीची बस उशिरा काढावी. आणि सहल शनिवारी तिथे पोहोचत असेल तर पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावे की आज दारावर फार वेळ थाप मारत उभे राहू नये.