आधी कसोटी, मग प्रॉम्प्ट

या महिन्यातल्या बहुतेक पत्रांचा रोख एका सरकारी कार्यालयाच्या एकाच निविदेवर आहे. नागरिकांच्या मराठी तक्रारी योग्य खात्याकडे वळवायच्या आहेत. त्यासाठी प्रॉम्प्ट लिहिणारे मॉडेल ट्रेन करून द्यायचे. अट काय, तर पाचशे प्रॉम्प्ट छापून, पानोपानी सही-शिक्क्यासह सादर करा. मंजुरीनंतर वर्षभर अक्षरही बदलता येणार नाही. ज्या मॉडेलवर ते चालणार, त्याचे व्हर्जन मात्र त्या मॉडेलचा पुरवठादार केव्हाही बदलू शकतो! आणि लेबल लावलेल्या, म्हणजे कोणत्या खात्याची हे नोंदलेल्या, तक्रारी मागितल्या, तर त्या ‘गोपनीय’.

मग ट्रेनिंगमध्ये प्रॉम्प्टला द्यायचे गुण, म्हणजे रिवॉर्ड, काढायचा कशावर? 2022 च्या आरएलप्रॉम्प्ट या पद्धतीने शोधलेले प्रॉम्प्ट माणसाला निरर्थक वाटत, तरी ते टिकले. कारण वर्गीकरणाच्या कामात मोजमाप लेबलांवर होते. 2023 मध्ये गूगल डीपमाइंडच्या ऑप्रो या पद्धतीने मॉडेलकडूनच काढून घेतलेल्या एका सूचनेने पाम 2-एल या मॉडेलला जीएसएम8के या शालेय गणितांच्या संचावर 80.2 टक्क्यांपर्यंत नेले. त्या शोधाला ट्रेनिंग सेटमधली साडेतीन टक्के गणिते पुरली. संच छोटा होता, पण प्रत्येक गणिताचे उत्तर पक्के होते.

दोष एकट्या कार्यालयाचा नाही. लेबलांचा कंटाळा म्हणून दुसऱ्या मॉडेललाच परीक्षक नेमणारे आपल्या निविदाकारांतही कमी नाहीत. एका वाचकाने नमुना पाठवला आहे: ‘मीटर बंद आहे, तरी पाण्याचे बिल दुप्पट आले.’ ‘मीटर’ दिसताच तक्रार गेली वीज विभागाकडे. उत्तराची मांडणी नेटकी, म्हणून परीक्षक मॉडेलने पूर्ण गुण दिले आणि ट्रेनिंगमध्ये तोच प्रॉम्प्ट वर चढला. अशाने मॉडेल परीक्षकाला खूश करायला शिकते; पाणीपट्टीवाल्याचे काम होत नाही.

तेव्हा कामाला लागा. नाव, पत्ता, फोन काढून टाकलेल्या दोन-अडीचशे तक्रारी जमवा. दोघांनी स्वतंत्रपणे लेबल लावावे; जिथे मत जुळत नाही, त्या तक्रारी फेकू नका, त्याच सर्वांत मोलाच्या. निम्मा संच राखीव ठेवा, ट्रेनिंगला दाखवूच नका आणि मॉडेलचे व्हर्जन बदलले की या राखीव संचावर पुन्हा चाचणी घ्या. निविदापूर्व बैठकीत लेखी मागणी करा: बिल प्रॉम्प्टच्या संख्येवर नको, राखीव संचावरच्या अचूकतेवर द्या, आणि प्रॉम्प्ट बदलण्याची मुभा करारातच लिहा. एकट्याचे पत्र फायलीत पडून राहील. सगळ्यांनी मिळून हीच अट धरली, तर कार्यालयाला निविदा सुधारावीच लागेल. कमी दराच्या लोभाने कोणीही ही फळी फोडू नये, ही कळकळीची विनंती.