विश्लेषण : मेसोथेलिओमात मोठी शस्त्रक्रिया केल्याने आयुष्य वाढते का?

उमरीसारख्या गावात घरांवर, गोठ्यांवर सिमेंटचे पत्रे सर्रास दिसतात. अशा अनेक पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. पत्रा शाबूत असेल तर धोका कमी. तो कापताना, फोडताना उडालेले तंतू श्वासात जातात. त्यातून फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, म्हणजे मेसोथेलिओमा, होऊ शकतो. हा आजार दुर्मीळ आहे आणि साधारण 20 ते 50 वर्षांनी उघड होतो.

शस्त्रक्रिया कोणत्या?

पहिलीत आवरणासह अख्खे फुप्फुस काढतात. दुसरीत फुप्फुस राखून रोगट आवरण सोलून काढतात. गरजेनुसार श्वासपटल आणि हृदयावरचे आवरणही काढतात.

चाचण्या काय सांगतात?

ब्रिटनमधील ‘मार्स’ चाचणीत (2011) फुप्फुस काढण्याने फायदा दिसला नाही, उलट हानीचीच शक्यता दिसली. ‘मार्स 2’मध्ये 335 रुग्ण होते. फुप्फुस राखणारी शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी घेतलेल्यांचे मध्यक आयुर्मान 19.3 महिने, तर फक्त केमोथेरपी घेतलेल्यांचे 24.8 महिने भरले. गंभीर गुंतागुंतही शस्त्रक्रियेच्या गटात जास्त होती. हे निष्कर्ष 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. निवडक रुग्णांना अनुभवी केंद्रांत फायदा होतो, असे काही शल्यविशारद आजही मानतात.

मग शस्त्रक्रियेचा उपयोग कशासाठी?

निदानासाठी दुर्बिणीतून तुकडा काढावा लागतो. छातीत वारंवार पाणी होत असेल तर ते काढून टाल्क पावडर सोडतात किंवा नळी बसवतात. त्याने धाप कमी होते. पोटातील मेसोथेलिओमाचे गणित वेगळे आहे. तिथे गाठी काढून गरम केमोथेरपी देण्याने निवडक रुग्णांना बराच लाभ होतो.

रुग्णाने काय करावे?

आपल्याकडे छातीत पाणी झाले की आधी क्षयाची शंका येते. म्हणून पत्रे, गिरणी, बांधकाम किंवा ब्रेक लायनिंगचे जुने काम डॉक्टरांना आवर्जून सांगावे. सुरुवातीच्या तपासण्या नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात करता येतील. मोठ्या शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यास मुंबईच्या टाटा रुग्णालयासारख्या केंद्रात दुसरे मत घ्यावे. शेत विकण्याआधी एकच प्रश्न विचारावा : यातून आयुष्य वाढेल, की फक्त त्रास कमी होईल?

कारखान्यातील कामगारांसाठी आणखी एक बाब. 1995 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून किमान 40 वर्षे ठेवण्यास सांगितले. भरपाईच्या दाव्यात ही नोंद मोलाची ठरते.